गुडघे टेकणारी मोटार

या सदरात आम्ही बहुधा शाळा, पुस्तके, सणवार आणि आपल्या जमातीतील जुन्या चालीरीती यांविषयी लिहितो. या खेपेस मात्र आम्ही एका जुन्या मोटारीच्या पोटाखालून जाणाऱ्या, करंगळीहून बारीक अशा प्लॅस्टिकच्या नळीविषयी लिहिणार आहोत. विषय चमत्कारिक वाटेल. परंतु या नळीपायी पिनर येथे आमच्या थोरल्या भगिनींच्या दारात तीन आठवडे जे घडले, त्यात एका तरुणाचा हात जायबंदी होता होता वाचला. आणि दोष सर्वस्वी आमचा होता. अशा जुन्या मोटारी बाळगणारी आपल्यातील आणखीही कुटुंबे असतील, सबब ते लिहून ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

मोटार आमच्या दिवंगत मेहुण्यांची. रेंज रोव्हर या नावाची, चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली, १९९९ सालची. या जातीची पहिली गाडी १९७० साली बाजारात आली. दुसरी पिढी १९९४ मध्ये आली व २००१ पर्यंत सोलिहलच्या कारखान्यात तयार होत होती. तिचा आराखडा कारखान्याच्या ज्या इमारतीत आखला गेला तिच्या क्रमांकावरून शौकीन लोक तिला ‘पी ३८’ म्हणतात. मेहुण्यांनी ती जुनी म्हणूनच घेतली होती आणि तिचे कौतुक त्यांनी नव्या सुनेप्रमाणे केले. २००८ साली टाटा मोटर्सने ही कंपनी फोर्डकडून विकत घेतली, तेव्हा वर्तमानपत्र पुढे करून ते आम्हांस म्हणाले होते, “पाहा, आता ही आपल्या पिंपरीची झाली!” ती मोटार पिंपरीचे तोंडही न पाहता जन्मली होती हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता.

या मोटारीस लोखंडी स्प्रिंगा नाहीत. आपल्या एस.टी.च्या गाडीखाली पाटे असतात, लहान मोटारींना वळ्यावळ्यांच्या स्प्रिंगा असतात. येथे त्या जागी चार कोपऱ्यांत चार रबरी फुगे आहेत. इंजिनाशेजारी विजेवर चालणारा छोटा काँप्रेसर आहे. तो हवा दाबून एका टाकीत साठवतो. तेथून ती हवा व्हाल्वांच्या एका ठोकळ्यात येते आणि ठोकळ्यातून चार बारीक नळ्यांवाटे चार फुग्यांकडे जाते. कोणत्या कोपऱ्यात किती हवा ठेवायची याचा निर्णय आसनाखालचा एक लहानसा संगणक करतो. रस्ता खडबडीत असेल तर मोटार वर उचलली जाते, हमरस्त्यावर वेग घेतला की ती किंचित खाली बसते. आणि थांबल्यावर एक कळ दाबली की, उंट जसा स्वार होणाऱ्यासाठी बसतो तशी ती पायरीच्या उंचीपर्यंत खाली येते. १९९२ साली रेंज रोव्हरच्या पहिल्या पिढीतच ही योजना प्रथम आली. ‘पी ३८’ला ती जन्मापासून मिळाली. तिचे हवेचे फुगे डनलॉपचे. ज्या डनलॉपने १८८८ साली आपल्या मुलाच्या तिचाकी सायकलीसाठी हवा भरलेले धाव तयार केले, त्याचेच ते नाव.

कोहेलेथच्या ग्रंथात वारंवार येणारा ‘हेवेल’ हा शब्द आपण व्यर्थता या अर्थी वाचतो. त्याचा मूळ अर्थ वाफ, श्वास, फुंकर. दोन टनांहून अधिक वजनाची मोटार अशा हेवेलवर उभी राहते हे पाहून आम्हांस नेहमी गंमत वाटे. पुढे ती गंमत राहिली नाही.

आमच्या ताईंना आता शहात्तरावे वर्ष आहे. दोन्ही गुडघे झिजलेले. लहान मोटारीत त्यांना खोल उतरावे लागते व मग उठता येत नाही; उंच मोटारीत पाय टाकता येत नाही. ही एकच मोटार अशी की जी प्रथम स्वतः खाली बसते, ताई आसनावर टेकल्या की मग उठते, आणि उतरण्याच्या वेळी पुन्हा नमते. ताई म्हणतात, “माझ्यासाठी गुडघे टेकते बिचारी, माझे टेकत नाहीत म्हणून.” मेहुण्यांचे दफन बुशी येथील ज्यू दफनभूमीत झाले. हेश्वान महिन्यात त्यांचा वर्षाचा दिवस येतो. त्या दिवशी कबरीपाशी हश्काबा म्हणण्यास ताई न चुकता जातात आणि जातात त्या याच मोटारीतून.

या वर्षी तिश्री संपत आला आणि मोटार उठेनाशी झाली. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी पाहावी तर चारही चाकांवर लोळण घेतलेली. इंजिन सुरू केले की काँप्रेसर बराच वेळ घरघर करी, मग गाडी अनिच्छेने उठे. शेवटी एके दिवशी तीही तिने सोडून दिली आणि ताशी ३५ मैलांपेक्षा अधिक वेग नको असा इशारा समोर झळकू लागला. आमच्या भाच्याने ती एका गॅरेजात दाखविली. तेथील मनुष्याने सल्ला दिला की ही हवेची भानगडच काढून टाका आणि लोखंडी स्प्रिंगा बसवा. पुष्कळ लोक तसे करतात. सल्ला खोटा नव्हता. लोखंडी स्प्रिंगांवर ही मोटार उत्तम चालते. फक्त ती पुन्हा कधीही खाली बसत नाही.

भाचा वैतागला होता. त्याचे म्हणणे गाडी भंगारात द्यावी. त्यास आणखी एक कारण होते: २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या प्रदूषण-शुल्काचा पट्टा साऱ्या बरोंमध्ये पसरला, आपले हॅरो व त्यातील पिनरही त्यात आले. मेहुण्यांची पेट्रोलची मोटार त्या नियमांत बसत नाही, म्हणून ती ज्या दिवशी रस्त्यावर आणावी त्या दिवशी साडेबारा पौंड भरावे लागतात. नुसती दारात उभी असेल तर काही नाही. “वर्षातून चार वेळा बाहेर काढायची, मामा, आणि त्यासाठी हा पांढरा हत्ती पोसायचा?” असे तो आम्हांस म्हणाला. ताई तेथेच भाजी निवडत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आणि हेच आम्हांस बोचले.

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, वाटेत कोसळलेले दुसऱ्याचे गाढव वा बैल पाहून तोंड फिरवू नये, तो उठवावा, अशी आज्ञा आहे. आणि ‘इम्मो’, म्हणजे त्याच्या धन्यासह उठवावा, असे म्हटले आहे. जनावराच्या पाठीवरचे ओझे उतरविण्याविषयी अशीच आज्ञा निर्गम ग्रंथात आहे. ‘बाबा मेत्सिया’तील मिश्ना या ‘सह’ शब्दावर बोट ठेवते: धनी बाजूस बसून म्हणू लागला की पुण्य तुझे आहे, तूच कर, तर वाटसरू मोकळा, परंतु धनी म्हातारा किंवा आजारी असेल तर वाटसरूची सुटका नाही. आम्ही भाच्यास ही मिश्ना सांगितली आणि म्हटले, “मोटारीच्या मालकीण म्हाताऱ्या आहेत, तेव्हा आम्ही बांधलेले. तू म्हातारा नाहीस, तेव्हा तूही बाह्या वर कर.” त्याने हसून कोट काढला.

आम्ही मेकॅनिक नाही. परंतु अध्यापनाच्या प्रशिक्षणात आम्हांस एक गोष्ट शिकविली होती की ज्ञातापासून अज्ञाताकडे जावे. ज्ञात होते ते सायकलचे पंक्चर. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवायची, बुडबुडे येतील तेथे खूण करायची. मोटार घमेल्यात बुडविता येत नाही, म्हणून पाणी मोटारीकडे न्यावयाचे, एवढाच फरक.

त्याआधी चारांपैकी कोणता कोपरा गळतो हे ठरविणे प्राप्त होते, आणि येथे या मोटारीची एक खोड आडवी येते. गाडी बंद असतानाही तिचा संगणक काही तासांनी जागा होतो, चारही कोपरे तपासतो आणि जो सर्वांत खाली गेला असेल त्याच्या पातळीवर उरलेल्या तिघांना आणून बसवितो. हेतू चांगला, गाडी तिरपी दिसू नये. परिणाम असा की एक दुबळा कोपरा चौघांनाही खाली ओढतो आणि सकाळी दोषी कोण हे कळत नाही. वर्गात एकाने खोडी केली आणि चौघे सारखेच हात बांधून उभे राहिले तर शिक्षकाची जी गत होते तीच. भाच्याने शोधून काढले की संगणकास जागे करणारा एक रिले असतो. तो उपटून ठेवला की प्रत्येक कोपरा आपापल्या गतीने बसतो.

शुक्रवारी दुपारी, शब्बाथच्या दिव्यांपूर्वी, गाडी नेहमीच्या उंचीवर उभी करून रिले काढला आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत फूटपट्टीने मापे घेऊन वहीत लिहिली. मग दुसऱ्या सायंकाळपर्यंत तिकडे पाहिले नाही. शनिवारी घाण्याला हात न लावणाऱ्या तेल्यांचे आम्ही वंशज. आमच्या पूर्वजांना कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणत हे वाचकांस सांगावयास नको. परंतु सव्वीस तास एखाद्या यंत्रास कोणी शिवू नये, अशी सोय दुसऱ्या कोणत्या वारी मिळाली असती? हब्दाला झाल्यावर विजेरी घेऊन बाहेर गेलो. तीन कोपरे दोन-तीन मिलिमीटर हलले होते. मागचा डावा कोपरा पंचावन्न मिलिमीटर खाली होता.

रविवारी सकाळी भांडी घासण्याचा द्रव साबण पाण्यात कालवून कुंचल्याने त्या कोपऱ्यातील फुगा, त्याच्या माथ्यावरचा सांधा आणि तेथून पुढे जाणारी नळी यांवर लावीत गेलो. लहानपणी रिठ्याच्या पाण्याचे फुगे केलेल्यांना हे काम फार आवडेल. फुगा ठीक होता, सांधा ठीक होता. नळी चाशीच्या ज्या कडेस वीस-पंचवीस वर्षे टेकून थरथरत होती तेथे मात्र फेसाचा एक तुरा उभा राहिला, नाहीसा झाला, पुन्हा उभा राहिला. झिजून पडलेले ते भोक सुईच्या अग्राएवढे होते.

या नळ्या नायलॉनच्या असून त्यांची बाहेरची जाडी सहा मिलिमीटर असते. सगळी नळी इंजिनापासून मागच्या चाकापर्यंत नवी ओढणे हा उत्तम उपाय. झिजलेला तुकडा कापून दोन्ही टोके एका जोडाने सांधणे हा दुसरा, आणि नीट केल्यास तोही टिकतो. जोड म्हणजे दोन्ही बाजूंनी नळी घुसवावयाची एक लहान नळकांडी. तिच्या आत प्रत्येक बाजूस एक दातेरी कडे, त्यामागे रबराची ओ-रिंग व त्यापुढे अटकाव असतो. नळी आत ढकलली की दात तिला आत जाऊ देतात, पण परत येऊ देत नाहीत. माशाच्या गळाचा काटा जसा उलटा असतो तसे ते असतात. दात नळी धरतात आणि ओ-रिंग हवा धरते. ही दोन कामे निराळी आहेत, आणि हेच आम्ही विसरलो.

जोड आमच्या स्वयंपाकघराच्या खणात होता. पिण्याचे पाणी गाळणाऱ्या यंत्राला, ज्याला घरोघरी आर.ओ. म्हणतात, ज्या पांढऱ्या नळ्या असतात त्यांचे असेच ढकलून बसविण्याचे जोड येतात. एक शिल्लक होता. मोटारीची नळी त्यात सहज गेली, ओढून पाहिली तर निघाली नाही. भाचा म्हणाला, “मामा, माप पाहू या का?” आम्ही म्हटले, “बसला की नाही? मग झाले.” आम्ही वर्गात मुलांना व्हर्नियर कॅलिपर किती वर्षे शिकविला असेल! तो कपाटात होता. पाण्याच्या त्या नळ्या पाव इंची असतात, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. मोटारीची नळी ६. फरक पस्तीस शतांश मिलिमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. दातांनी सहाची नळी कशीबशी धरली. तीही पुरती नव्हे. ओ-रिंगला तर ती धरताच येईना.

चाशीखाली जॅक लावून मागची बाजू थोडी उचलली होती. नळी जोडल्यावर जॅक काढून घेतला आणि इंजिन सुरू केले. गाडी उठेना. पाऊण तास आम्ही दोष शोधीत होतो. शेवटी ध्यानात आले की मागचे दार नीट लागलेले नाही. दार उघडे असता ही गाडी जागची हलत नाही, माणूस चढत-उतरत असेल म्हणून. दार लावले आणि डावा कोपरा डौलाने वर आला. भाच्याने टाळी दिली. मग तो टायर व मडगार्ड यांच्यामधील फटीतून हात घालून जोडावर साबणाचे पाणी लावू लागला. पाणी संपले म्हणून कुंचला बुडविण्यास त्याने हात बाहेर काढला, तोच बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि तो कोपरा थेट टायरावर येऊन बसला. ज्या फटीत क्षणापूर्वी त्याचे मनगट होते तेथे आता बोटही शिरले नसते.

बराच वेळ कोणी बोलले नाही. शेजारच्या बागेत कोणी तरी पाने गोळा करीत होते, तेवढाच आवाज. ताई दारात आल्या होत्या. त्या आम्हांस एवढेच म्हणाल्या, “अरे, तू शिकलेला ना?”

कोसळलेले जनावर उठविण्याची आज्ञा अनुवादाच्या ज्या अध्यायात आहे, त्याच अध्यायात चारच वचने पुढे नव्या घराच्या गच्चीस कठडा बांधण्याची आज्ञा आहे, कोणी पडून घरावर रक्ताचा दोष येऊ नये म्हणून. आम्ही भाच्यास पहिली सांगितली होती. दुसरीकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

त्या दिवशी काम बंद केले. पुढच्या रविवारापर्यंत आम्ही जे शिकलो ते येथे विस्ताराने लिहितो, कारण लोकांची चूक बहुधा याच ठिकाणी होते. हवेवर उभ्या असलेल्या मोटारीखाली किंवा तिच्या चाकावरील फटीत शरीराचा कोणताही भाग घालू नये; इंजिन बंद असले तरी नाही. नुसत्या जॅकवरही विसंबू नये. लोखंडी घोड्या हव्यात, आणि त्या आसाखाली नव्हे तर चाशीच्या मजबूत तुळईखाली, कारण आसाखाली घोडी लावली तर आस जागच्या जागी राहतो आणि मोटारीचे सारे धड त्यावर खाली येते. आम्ही चार घोड्या आणल्या. किंमत एका वेळच्या सहकुटुंब बाहेरच्या जेवणाइतकी.

मापाचा जोड आणण्यास आम्ही १८३ क्रमांकाच्या बसने हॅरोकडे गेलो. मोटारीने गेलो असतो तर दोन-तीन पौंडांच्या वस्तूवर साडेबारा पौंडांचे शुल्क पडले असते. कारखान्यांना दाबाच्या हवेचे सामान पुरविणाऱ्या दुकानात आम्ही सहा मिलिमीटरचा, पितळेच्या अंगाचा जोड मागितला, आणि विक्रेत्यास तो किती दाबास योग्य आहे हे विचारले. मोटारीच्या साध्या टायरात सुमारे दोन बार हवा असते. या योजनेच्या टाकीत ती सुमारे १० बारपर्यंत चढते. पाण्यासाठी केलेला जोड येथे मापाने बसला असता तरी आम्ही आता तो घेतला नसता. नळीचा एक तुकडा खिशात होता. दुकानातच व्हर्नियर लावून पाहिला. विक्रेता हसला. आम्ही हसलो नाही.

पुढच्या रविवारी मोटार घोड्यांवर चढविली, मग त्या कोपऱ्यातील हवा सोडली. व्हाल्वांच्या ठोकळ्यात नळी जेथे शिरते तेथील कडे दोन्ही बाजूंनी सारखे आत दाबून नळी बाहेर घेतली की हवा फुसफुसत निघून जाते. डोळ्यांस चष्मा लावलेला बरा. झिजलेला तुकडा कापण्यास कात्री किंवा पक्कड घेऊ नये. त्यांनी नळी चपटी होते आणि लंबगोल टोकाभोवती ओ-रिंग कधीच नीट बसत नाही. लाकडाच्या ठोकळ्यावर नळी धरून धारदार पात्याने एका दाबात, काटकोनात कापावी. पहिल्या प्रयत्नात आमचा काप तिरपा गेला. भाच्याने दुसरा केला तो भूमितीच्या पुस्तकात छापण्याजोगा होता. कडेची धार हलकेच मोडावी, नाहीतर आत शिरताना ती ओ-रिंग कापते. जुन्या नळीच्या टोकावर पूर्वीच्या दातांचे ओरखडे असतील तर तेवढा भागही कापून टाकावा, कारण ओरखड्याच्या चरीतून हवा वाट काढते. मात्र दर खेपेस असे कापीत गेले की नळी आखूड होत जाते, आणि ताणलेली नळी जोडातून तिरपी ओढली जाते. आमच्या बाबतीत म्हणूनच नवा तुकडा मध्ये घालून दोन जोड करावे लागले.

जोडाची खोली बाहेरून मोजून तितक्या अंतरावर नळीवर पेनाने रेघ ओढावी. नळी ढकलताना प्रथम एक अडथळा लागतो. पुष्कळांना वाटते झाले. तो ओ-रिंगचा अडथळा असतो. आणखी जोर लावला की नळी अटकावापर्यंत जाते आणि रेघ जोडाच्या तोंडाशी येते. नंतर उलट ओढून पाहावे. येथे थोडे गणित करू. सहा मिलिमीटर व्यासाच्या नळीचे छेदक्षेत्र सुमारे २८ चौरस मिलिमीटर. १० बार दाबाने तिच्यावर बाहेर ढकलणारे बळ येते ते जवळजवळ तीन किलो वजनाइतके. म्हणजे हाताने चांगले ओढून नळी निघत नसेल तर हवेनेही निघू नये. आम्ही पहिल्या दिवशी दोन बोटांनी ओढले होते.

नळीच्या टोकास वंगण म्हणून आम्ही सिलिकॉनचा पुसटसा हात दिला. ताई खोबरेलाची बाटली घेऊन आल्या होत्या. तेल्याच्या घरात तेलाला नाही म्हणणे कठीण, परंतु तेल धूळ धरते आणि ती धूळ व्हाल्वांत गेली की नवे दुखणे. जोडाच्या दोन्ही बाजूंस नळी काही अंतर सरळ राहील, धुरांड्यापासून दूर राहील आणि पुन्हा त्या कडेस घासणार नाही अशी ती बांधली. घासण्याच्या जागी रबराची जुनी नळी चिरून गुंडाळली. पहिल्या खेपेस पंचवीस वर्षे लागली, दुसऱ्या खेपेस लागतील तेव्हा आम्ही नसू.

एक काळजी शेवटची. रिकामा फुगा घड्या पडलेल्या स्थितीत असतो. त्यावर एकदम मोटारीचे वजन टाकले तर रबर भलत्या ठिकाणी दुमडते व फाटते. म्हणून घोड्यांवर असतानाच त्यात थोडी हवा भरू दिली, रबर नीट उलगडले हे विजेरीने दुरून पाहिले, मग घोड्या काढल्या. दुरून हा शब्द आम्ही जाणून लिहिला आहे. संगणकाच्या स्मरणात बसलेला दोष मात्र आपोआप जात नाही; तो पुसण्यास एक तार व घरचा संगणक लागतो. ती विद्या भाच्याची. आम्ही बाजूस उभे राहून वही धरली आणि तो सांगेल ते लिहून घेतले.

शुक्रवारी दुपारी पुन्हा रिले काढला, पुन्हा मापे घेतली. शनिवारी सायंकाळी चारही कोपरे तीन मिलिमीटरच्या आत होते.

वर्षाचा दिवस बुधवारी आला. आम्ही शाळेतून अर्धी रजा घेतली होती. भाच्याने मोटार दारासमोर आणली, कळ दाबली आणि ती सुस्कारा सोडून खाली बसली. ताईंनी काठी आमच्या हाती दिली, आसनावर टेकल्या, पाय आत घेतले. दार लावले तशी मोटार हळूहळू उठली. बुशीला वारा फार होता. हश्काबा म्हणताना आमच्या हातातील पुस्तकाची पाने उडत होती. परतताना मोटार दफनभूमीच्या फाटकाशी पुन्हा बसली, पिनरला दारात पुन्हा बसली. भाच्याने दूरध्वनीवरून साडेबारा पौंड भरले आणि त्याबद्दल अवाक्षर काढले नाही.

त्या रविवारी ताईंनी मलिदा केला. हॅरोहून आणलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, वर फळांच्या फोडी. एलियाहू हन्नावीच्या नावाने म्हणावयाचे ते म्हटले. दहाबारा माणसे होती. एका पाहुण्यांनी विचारले, मलिदा कशाप्रीत्यर्थ? ताईंनी मोटारीचे नाव घेतले नाही. त्यांनी भाच्याचा उजवा हात धरला, उलटसुलट करून पाहिला आणि त्यावर मलिद्याची पहिली मूठ ठेवली.

घोड्या आता आमच्या घरी आहेत. पिनरमध्ये वा आसपास कोणास लागल्यास घेऊन जाव्यात. व्हर्नियरही त्यांच्याबरोबर मिळेल.